काकाजी डॉट सीटीबी

आर्किटेक्टच्या नकाशावर उजवीकडे खाली एक चौकट असते. कामाचं नाव, मालकाचं नाव, प्रमाण, उत्तर दिशा, तारीख आणि सगळ्यांत ठळक अक्षरांत आर्किटेक्टचं नाव. शेजारी कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचा नोंदणी क्रमांक. १९७२च्या कायद्यानं त्या क्रमांकाशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही, म्हणून आम्ही तो जरा मिरवतोच. त्याच चौकटीत दोन बारीक रकाने असतात, 'काढले' आणि 'तपासले'. नकाशे हातानं निघत तेव्हा त्यांत निदान आद्याक्षरं पडत. कॉम्प्युटर आला आणि माझ्या पाहण्यातल्या बहुतेक ऑफिसांत हे रकाने रिकामेच राहू लागले. माझ्या ऑफिसातून आजवर जे कागद बाहेर गेले त्यांवर माझं एकटीचं नाव आहे. ज्यांच्यामुळे ते कागद निघाले त्यांचा हिशेब मांडायचा राहून गेला होता. तो आज मांडते.

हिशेब कॉम्प्युटरच्या कामाचा आहे, आणि कॉम्प्युटर तर परका. १९६३ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये आयव्हन सदरलँड यांनी पीएच.डी.साठी 'स्केचपॅड' नावाचा प्रोग्राम तयार केला आणि पडद्यावर प्रकाशलेखणी टेकवून रेषा ओढून दाखवली. १९८२च्या डिसेंबरात कॅलिफोर्नियातल्या ऑटोडेस्क कंपनीनं ऑटोकॅड आणलं आणि तेच काम साध्या पर्सनल कॉम्प्युटरवर होऊ लागलं. नागपुरात ते आमच्या हाती पडायला आणखी दहा-बारा वर्षं गेली. आलं तेव्हा त्यात रेघ होती, वर्तुळ होतं, कमान होती, डोळ्याला दिसणार नाही इतकी अचूकता होती. नागपूर तेवढं नव्हतं. इथलं ऊन, इथली माती, इथली वीट, इथली भाषा, यांतलं काहीच त्या डब्यातून निघालं नाही. ते त्यात माणसांनी भरलं, आणि ती माणसं कॉम्प्युटरवाली नव्हतीच बहुतेक.

सगळ्यांत मोठी बाकी काकाजींची.

विश्वेश्वरय्या रीजनल कॉलेजातून, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीतून, पदवी घेऊन मी रामदासपेठेतल्या एका सरांकडे लागले तेव्हा तिथं तीन ड्राफ्ट्समन होते. काकाजी त्यांतले ज्येष्ठ. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात रॉटरिंगची पेनं, मनगटाखाली घडी घातलेला रुमाल. मे महिन्यात घामाचा थेंब ट्रेसिंगवर पडला की आठवड्याचं काम वाया, म्हणून रुमाल. कूलर लावला तर ओल्या हवेनं ट्रेसिंगला लाटा येत, बंद ठेवला तर शाई पेनाच्या नळीतच सुकून जाई. काकाजींनी कूलरच्या एका बाजूला पुठ्ठा बांधून वाऱ्याची वाट अशी वळवली होती की तो माणसाला लागावा, कागदाला नाही. बोर्डावर ट्रेसिंग ताणायचं, त्यावर पावडरीचा हात फिरवायचा आणि मगच पहिली रेघ. काही बदललं तर अर्ध्या ब्लेडनं शाई खरवडायची आणि ती जागा नखानं घोटून गुळगुळीत करायची. नंतर मालकाला तिथं काही घडलं होतं हे कळतही नसे.

१९९३च्या सुमारास सरांनी कॉम्प्युटर आणला. त्याच्यासाठी काचेची वेगळी खोली, खोलीला एसी, चपला दाराबाहेर. आम्ही सगळे कूलरमध्ये आणि यंत्र एसीत. वर्षाच्या आत एक ड्राफ्ट्समन शाळेत चित्रकलेचे शिक्षक झाले, दुसरे उमरेडला भावाच्या सिमेंटच्या दुकानात बसू लागले. कुणी त्यांना काढलं नाही. कामच त्यांच्या बोर्डापर्यंत पोचेनासं झालं. काकाजी राहिले. मी वयानं सगळ्यांत लहान म्हणून यंत्र माझ्याकडे आलं.

पहिला प्लॉट निघाला तेव्हा सगळे भोवती जमले. एकही डाग नाही, एकही खरवडलेली जागा नाही. काकाजींनी कागद उजेडात धरला आणि म्हणाले, "बेटा, साऱ्याच रेषा एका आवाजात बोलून राहिल्या. ऐकाचं कोणाचं?"

ते काय म्हणत होते ते घर बांधणाऱ्याला सांगायला हवं. प्लॅन म्हणजे जमिनीपासून चार-साडेचार फुटांवर घर आडवं कापून वरून पाहणं. जे कापलं गेलं, म्हणजे भिंती आणि खांब, ते जाड रेषेत. खाली दिसतं ते, ओटा, पायऱ्या, फरशी, मध्यम रेषेत. मोजमापाच्या रेषा सगळ्यांत बारीक. त्या वेळच्या ऑटोकॅडमध्ये पडदा काळा आणि सगळ्या रेषा एकाच जाडीच्या. फरक फक्त रंगांचा. कुठल्या रंगाला कोणतं पेन द्यायचं ते प्लॉटरला आधी सांगावं लागे. न सांगता काढलेला कागद स्वच्छ असतो आणि मुका असतो.

काकाजींनी माऊसला कधी हात लावला नाही. एक स्टूल घेऊन शेजारी बसत आणि विचारत, "हा लाल म्हणजे काय समजाचं?" मी म्हणे, लाल म्हणजे लालच. ते म्हणत, "लाल म्हणजे पॉइंट वन. मोजमाप. पिवळा पॉइंट टू. भिंत निळ्यात टाक, पॉइंट सिक्स." असं करत त्यांनी पेनांचा आपला सगळा डबा रंगांत उतरवून दिला. इमारतीच्या दर्शनी चित्रात कुठली रेष जाड हे कळेना, तर त्यांनी मला रविवारी दुपारी चार वाजता सिव्हिल लाइन्समध्ये हायकोर्टासमोर उभं राहायला पाठवलं. एच. ए. एन. मेड यांची ती इमारत, दिल्लीत ल्युटेन्सच्या काळात काम केलेले वास्तुकार. १९३७ साली पाया, १९४०च्या जानेवारीत उद्घाटन. "ज्या कडेमागं आभाळ आहे थे रेष जाड. ज्या कडेमागं भिंतच आहे थे बारीक. घुमटापासून सुरू कर अन् खाली येत जा." पुस्तकात हा नियम होता, मी त्यावर परीक्षेत उत्तरही लिहिलं होतं. डोळ्यांनी मात्र तो त्या रविवारी पाहिला.

सेक्शनचा, म्हणजे इमारत उभी कापून दाखवण्याचा, धडा दीक्षाभूमीवर झाला. काकाजी दर विजयादशमीला तिथं पाणी वाटायच्या सेवेला असत. शिवदानमल यांनी रचलेला स्तूप तेव्हा पुरा व्हायचा होता, राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन पुढे १८ डिसेंबर २००१ रोजी झालं. "सांचीचा स्तूप आतून भरलेला आहे. हा पोकळ. बाहेरून दोघंही सारखेच दिसतात. मंग फरक कुठं दाखवशील?" फरक कापल्यावरच दिसतो. पण कुठे कापायचं याबद्दल ते फार कडक होते. "जिथं जिना आहे, मोरी आहे, छत खाली-वर आहे तिथून काप. सोप्या जागेतून कापलेला सेक्शन म्हंजे लबाडी." आज त्रिमिती मॉडेलमध्ये एक पातळी सरकवली की अख्खी इमारत क्षणात कापली जाते. ती पातळी कुठं थांबवायची हे सांगणारं बटण मला अजून सापडलेलं नाही.

पुढे मी धरमपेठेतल्या घरी पुढच्या खोलीत स्वतःचं ऑफिस काढलं आणि सरांकडून निवृत्त झाल्यावर काकाजी माझ्याकडे यायला लागले. मालक समोर असला की मला 'मॅडम' म्हणत, तो गेला की पुन्हा 'बेटा'. ऑटोकॅड २००० आलं तेव्हा रंग आणि पेनची जाडी यांची जोडणी एका वेगळ्या फाइलीत साठवता येऊ लागली. तिला सीटीबी म्हणतात, तिच्यात २५५ रंगांची यादी असते. आम्ही दोघांनी ती रंगारंगानं भरली, प्रिंट काढून पाहिली, पुन्हा बदलली. नाव विचारलं तेव्हा मी 'काकाजी' टाइप केलं. त्यानंतर ऑटोकॅडच्या कितीतरी आवृत्त्या आल्या, मशिनी भंगारात गेल्या, फाइल तीच आहे. माझ्याकडे शिकलेली मुलं ती पेन ड्राइव्हवर घेऊन पुण्याला, हैदराबादला, दुबईला गेली. दुबईच्या ऑफिसात म्हणे एका वरिष्ठानं विचारलं, हे 'काकाजी' कुठल्या देशाचं स्टँडर्ड आहे?

पैशाचं ऋण बाबांचं. ते महालेखाकार कार्यालयात होते, म्हणजे आयुष्य दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेलेलं. मुदत ठेव मोडून त्यांनी माझ्या पहिल्या कॉम्प्युटरला पैसे दिले. दोन-तीन स्कूटर आल्या असत्या एवढे. त्यांनी एकच विचारलं, "हे किती वर्षं चालेल?" मी खरं ते सांगितलं, तीन वर्षांत जुना होईल. ते थोडा वेळ गप्प बसले आणि एक फूलस्केप वही पुढे केली. कुठल्या कामासाठी मशिन किती तास चाललं ते रोज लिहायचं, एवढीच अट. पैसे त्यांनी परत मागितले नाहीत, वही मात्र महिनाअखेरीला मागून घ्यायचे आणि हिरव्या शाईनं खुणा करायचे. एका बंगल्याच्या नकाशाला प्रत्यक्षात किती तास लागतात आणि आपण किती मागतो, हे मला त्या वहीमुळे कळलं. कॉलेजात फी कशी ठरवावी हे कुणी शिकवलं नव्हतं.

त्या मशिननं पहिला उन्हाळा जेमतेम काढला. एसी परवडत नव्हता, ऑफिसात कूलरच होता, बाहेर पारा छेचाळीसच्या पुढे. एका दुपारी पडदा काळा झाला तो झालाच. दुसऱ्या दिवशी सकाळी एक मालक नकाशे पाहायला येणार होता. मोमिनपुऱ्यातला एक तरुण दुरुस्तीवाला सायकलवर आला, डबा उघडला, आत पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, मशिन को लू लग गई है." कूलरच्या पाण्यातला क्षार ओल्या वाऱ्याबरोबर आत जाऊन पंख्यावर पांढरा थर बसला होता, पंखा अडकला होता. त्यानं ब्रशनं तो साफ केला, टेबल कूलरच्या झोतातून हलवलं, डब्याच्या मागे वीतभर जागा मोकळी ठेवायला सांगितलं. मशिन सुरू झालं, पण सकाळची फाइल उघडेना. मग त्यानं मला डॉट बॅक नावाची फाइल दाखवली. आपण सेव्ह करतो तेव्हा ऑटोकॅड आधीची प्रत वेगळ्या नावानं मागे ठेवतं. तिचं शेपूट बदललं की ती उघडते. "आपका कल का काम इधर बैठा है," तो म्हणाला. पुढे भारनियमनाची वर्षं आली. कोराडी आणि खापरखेड्याची धुराडी गच्चीवरून दिसायची आणि आम्ही अंधारात बसायचो. यूपीएसची बॅटरी वीस मिनिटं पुरणार की दहा, हे तो तिचा आवाज ऐकून सांगे. या शहरात मशिनला वारा कुठून द्यावा, हे कुठल्याही माहितीपुस्तकात नव्हतं.

मग ताई. सबमिशनच्या दिवसांत एका मशिनवर काम आवरत नसे, तेव्हा आम्ही सगळे बर्डीतल्या एका जॉबवर्क सेंटरकडे धावायचो. पहिल्या मजल्यावर तीन मशिनी, दर शीटमागे भाव. तिथं ही मुलगी बसे. आयटीआयचा दोन वर्षांचा ड्राफ्ट्समन सिव्हिलचा कोर्स केलेली, माझ्याहून लहान, पण सगळे ताईच म्हणत. डावा हात कीबोर्डवर, उजवा माऊसवर, आणि पडद्याकडे पाहतच ती विचारी, "मॅडम, या बाजूनं बेरीज केली तर तीस फूट, त्या बाजूनं एकोणतीस फूट साडेअकरा इंच. अर्धा इंच कोणाच्या खोलीतून घेऊ?"

हा प्रश्न तिनं शहरातल्या झाडून साऱ्या आर्किटेक्टांना विचारला असेल. एकास शंभर प्रमाणात अर्धा इंच म्हणजे कागदावर मिलिमीटरचा आठवा भाग, म्हणजे काकाजींच्या सगळ्यांत बारीक पेनाच्या रेषेएवढा. पिढ्यान् पिढ्या तो त्या शाईत सामावून जात आला होता. कॉम्प्युटर तो सामावून घेत नाही, आणि ताईही घेत नसे. आमचे नकाशे पुरते वाचणारी ती पहिली वाचक. मालक फक्त खोल्या मोजतो, महापालिका फक्त सामासिक अंतर पाहते.

मापांची दोन राज्यं तिनं एकत्र नांदवली. मालक चौरस फुटात बोलतो, मंजुरी चौरस मीटरमध्ये होते, आणि मिस्त्री इंच आणि सुतात. तीस बाय पन्नासचा प्लॉट कागदावर १३९.३५ चौरस मीटर होतो आणि मालकाला वाटतं आपली जमीन कुणी तरी खाल्ली. ताईच्या टेबलासमोर हाताने लिहिलेला तक्ता होता, फूट, मीटर, आणि पुढे नागपुरात ते कशाला लागतं ते. नऊ इंची भिंत हिशेबानं २२८.६ मिलिमीटर होते. ती २३० धरायची. मी कारण विचारलं तर म्हणाली, "वीट कुठं इंचात असते मॅडम? भट्टीतून जशी निघाली तशी. प्लास्टर सांभाळून घेते. पण खोलीचं आतलं माप मी सोडत नाही." किती ढिलाई कुठे चालते आणि कुठे नाही हे तिच्याकडून शिकले.

मराठी अक्षरंही तिचीच देणगी. ऑटोकॅडचे जुने फाँट रेघांचे बनलेले, त्यांत देवनागरी नव्हती. बाजारातले मराठी फाँट घालून नकाशा सजवला तर आपल्या मशिनवर 'स्वयंपाकघर' दिसे आणि दुसऱ्याच्या मशिनवर त्याच जागी इंग्रजी अक्षरं, अर्धविराम आणि प्रश्नचिन्हांचा सडा. युनिकोड घरोघरी पोचायला वेळ होता. ताईनं देवघर, न्हाणी, मोरी, ओसरी, कोठी असे शब्द एकदा नीट टाइप केले, मग ती अक्षरं फोडून त्यांच्या रेषा केल्या आणि एकेका शब्दाचा ठोकळा बनवून ठेवला. आता कुठलाही फाँट लागत नाही, कुठल्याही मशिनवर न्हाणी ही न्हाणीच. हे ठोकळे तिनं मला एका फ्लॉपीवर दिले आणि पैसे घेतले नाहीत. "तुमच्या साइटवर वाचतील तरी," म्हणाली. आज ती स्वतःचं सेंटर चालवते आणि तिच्या हाताखालच्या मुलींनाही तोच अर्ध्या इंचाचा प्रश्न विचारायला शिकवते.

साइटवर ते शब्द वाचणारे मिस्त्री मूळचे बालाघाटकडचे, बोलणं मराठी-हिंदीच्या मधलं. माझा पहिला संपूर्ण कॉम्प्युटरवर काढलेला नकाशा मी त्यांच्यासमोर मोठ्या ऐटीत उलगडला. भिंती, पाइप, वायरिंग, फर्निचर, फरशीचा साचा, सारं एकाच कागदावर. त्यांनी तो विटांच्या थप्पीवर पसरला, चारी कोपऱ्यांवर विटा ठेवल्या आणि म्हणाले, "मॅडमजी, याच्यात तुमचं सारं काम दिसते. मले माझं उद्याचं काम दाखवा."

लेयर नावाची सोय ऑटोकॅडमध्ये पहिल्यापासून होती. एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारखी, हवा तो दाखवा, नको तो झाका. मी ती स्वतःच्या सोयीसाठी वापरत होते. त्या दिवसापासून प्रत्येक कारागिराचा कागद वेगळा निघू लागला. मिस्त्रींच्या कागदावर फक्त भिंती, भोकं आणि उंच्या. प्लंबरला फक्त पाणी आणि उतार. इलेक्ट्रिशियनला बटणं आणि दारांची उघडण्याची बाजू, कारण दार उघडल्यावर बटण मागे जाता कामा नये. कागद जास्त लागतात, साइटवरून येणारे फोन मात्र फार कमी झाले.

मातीही मिस्त्रींनीच दाखवली. नागपूर दोन भूरचनांच्या सीमेवर वसलेलं आहे. पश्चिमेला दख्खनचा काळा बेसाल्ट, पूर्वेला त्याहून फार जुने खडक, आणि वर जागोजागी काळ्या मातीचं पांघरूण. सॉफ्टवेअरमध्ये जमीन म्हणजे एक सरळ आडवी रेघ. शहराच्या पूर्वेच्या एका प्लॉटवर एप्रिलमध्ये मिस्त्रींनी भेगेत सळई घातली, ती कोपरभर आत गेली. "पावसाळ्यात हे माती घर उचलते, उन्हाळ्यात सोडून देते. पाया हिच्यावर नाही, हिच्याखाली न्या." स्ट्रक्चरल इंजिनिअरांनीही तेच सांगितलं. अशा मातीसाठी खाली फुगीर गड्डा असलेले पाइल रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं विकसित केले आहेत, ते आम्ही तिथं वापरले. तेव्हापासून माझ्या ऑफिसातल्या प्रत्येक सेक्शनमध्ये जमिनीच्या रेघेखाली एक चौकोन असतो. खड्डा खणून जे दिसलं ते थरांच्या खोलीसकट त्यात लिहायचं. न लिहिता सेक्शन बाहेर जात नाही.

उन्हाचं ऋण पुन्हा काकाजींकडेच जातं. तोवर त्यांचं येणं आठवड्यातून एखाद्या वेळी, चहापुरतं उरलं होतं. त्रिमितीच्या सॉफ्टवेअरमध्ये तारीख आणि वेळ टाकली की सावल्या आपोआप पडतात, हे आमचा एक शिकाऊ मुलगा एका मालकासाठी तयार करत होता. जूनची दुपार, बंगल्याचा पोर्च, सुंदर लांब सावली. काकाजी चष्मा वर करून पाहत राहिले आणि म्हणाले, "हे सावली आपल्या गावची नाही."

मुलगा हसला. काकाजींनी खांबाकडे बोट दाखवलं. दहा फुटी खांबाची सावली उत्तरेला तीन फूट गेली होती. "जूनमधी दुपारी सावली पायाखाली असते. गेलीच तर चार बोटं दक्षिणेला जाईन. उत्तरेला कशी गेली?" मुलानं सेटिंग उघडलं. मॉडेलचं गाव त्यानं बदललंच नव्हतं. ते अमेरिकेतल्या बोल्डरला होतं, जिथं ते सॉफ्टवेअर जन्मलं. बोल्डर चाळीस अक्षांशावर, तिथं सूर्य कधीच डोक्यावर येत नाही. नागपूर एकवीसवर. मे अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत माध्यान्हीचा सूर्य आपल्या किंचित उत्तरेला असतो. आणि माध्यान्ह इथं घड्याळाच्या बाराला नसून सव्वाबाराच्या सुमारास होते.

काकाजींना अक्षांश सांगावा लागला नाही. "आमच्या काकूच्या कुरडया मे-जूनमधी उत्तरेच्या भिंतीजवळ वाळतात," ते म्हणाले, "अन् डिसेंबरात दुपारी भिंत जेवढी उंच, तेवढीच तिची सावली लांब." मी नंतर गणित करून पाहिलं. डिसेंबरच्या सगळ्यांत लहान दिवशी नागपुरात माध्यान्हीचा सूर्य पंचेचाळीस अंशांवर असतो. भिंत आणि सावली सारखीच.

त्या बंगल्याचं उत्तरेचं अंग आम्ही बदललं. जूनमध्ये सूर्य पूर्वेपासून पंचवीस अंश उत्तरेला उगवतो आणि तेवढाच उत्तरेकडे मावळतो, म्हणजे सकाळ-संध्याकाळ ऊन उत्तरेच्या खिडक्यांत तिरपं शिरतं. वरचा सज्जा त्याला अडवत नाही, बाजूला उभे पडदे लागतात. उत्तर म्हणजे सदा थंड बाजू, असं आम्ही परदेशी पुस्तकांतून शिकलो होतो. त्या पुस्तकांच्या गावी ते खरंही आहे. हल्ली मालक मोबाइलवर कृत्रिम बुद्धिमत्तेनं काढलेली घरं घेऊन येतात, पश्चिमेला मजलाभर काच. मी चित्राला नावं ठेवत नाही. फक्त ते मॉडेलमध्ये उभं करते, गाव नागपूर टाकते, मेमधली दुपारी साडेतीनची वेळ लावते आणि मालकाला शांतपणे पाहू देते.

आज कामाची रीत पुन्हा बदलली आहे. डिसेंबर २०२०मध्ये राज्यात एकत्रित विकास नियमावली लागू झाली, नकाशे ऑनलाइन जातात, छाननी सॉफ्टवेअर करतं. त्याला ठरलेल्या नावाचे लेयर आणि बंद चौकटी लागतात. अर्ध्या इंचाची फट राहिली तर क्षेत्रफळच मोजत नाही. ताईच्या हाताखालून गेलेल्यांना त्याचं काही वाटलं नाही. रेव्हिटसारख्या प्रोग्रामात भिंत ही दोन रेषा नसून भिंतच असते, तिला जाडी, वीट, प्लास्टर सगळं ठाऊक असतं. ते मला माझ्याकडची पंचविशीतली मुलगी शिकवते. ती शेजारी बसून सांगते आणि मी विचारते, हा लाल म्हणजे काय समजायचं? काकाजी गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. तिनं त्यांना पाहिलेलं नाही, पण प्रिंट देताना यादीतून त्यांचंच नाव निवडते.

राहता राहिले बर्डीतले प्रिंटवाले भाऊ. आधी त्यांच्याकडे अमोनियाचं मशिन होतं. ट्रेसिंगखाली पिवळा कागद, वर प्रखर दिवा, मग अमोनियाची वाफ, आणि जांभळ्या रेषा उमटत. डोळ्यांतून पाणी येई, भाऊंना सवय झाली होती. पुढे त्यांनी कर्ज काढून मोठा प्लॉटर आणला, तोही आमच्या भरवशावर. रात्री अकराला शटर अर्धं खाली घेतलेलं असायचं आणि आम्ही वाकून आत शिरायचो. उद्या शेवटची तारीख, हे वाक्य त्यांनी कधी खोटं मानलं नाही. प्लॉटर चालू असताना ते कागद हातांवर झेलत, खाली पडू देत नसत, आणि झेलता झेलता वाचत. "मॅडम, उत्तर दिशा राहिली," हे त्यांनी किती जणांना सांगितलं असेल. 'तपासले' या रकान्याचा खरा मानकरी कोण असेल, तर ते. पैसे रोख क्वचितच असत. लाल कापडी बांधणीच्या वहीत प्रत्येक आर्किटेक्टचं पान होतं, आणि कुणाचं काम अडकलंय, कुणाचा मालक पैसे देत नाही, हे त्या पानांवरून त्यांना आमच्याआधी कळे. तगादा त्यांनी लावला नाही.

हा लेख लिहिताना अमोनियाच्या मशिनीतला दिवा कसला असायचा ते विचारायला मी त्यांना फोन केला. दुकान आता मुलगा पाहतो. भाऊंनी दिव्याचं सांगितलं, मशिनीचं सांगितलं, काकाजी प्रिंट घ्यायला आले की पहिला प्रिंट कसा परत करायचे तेही सांगितलं. मग विचारलं, कशाला हवं? मी म्हटलं, तुम्हा सगळ्यांचं देणं लागते, त्याबद्दल लिहिते आहे. फोनवर थोडा वेळ पानं उलटल्याचा आवाज आला.

"हो, नव्व्याण्णवच्या मार्चमधले तुमचे प्रिंट बाकी दिसून राहिले," भाऊ म्हणाले.

"किती झाले भाऊ?"

"व्याज धरून सांगू, का बिगरव्याजाचे?"